चकाचक सुपरकारची घासाघीस

गाडी ताशी ३०० किलोमीटर पळते, किंमत काही कोटी. पण तिची सगळी चमक कशावर टिकून आहे, माहीत आहे का? जेमतेम ४०-५० मायक्रॉनच्या एका पारदर्शक थरावर! आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे कोट्यवधींची शान केसाहून बारीक!

या थराचं नाव क्लिअर कोट. त्याच्याखाली रंग, रंगाखाली प्रायमर, प्रायमरखाली पत्रा. सगळे थर मिळून १०० ते १५० मायक्रॉन. संपलं!

आता धक्का नंबर दोन. पेंट करेक्शनमध्ये ओरखडा 'बुजवतात' असं वाटतं ना? छे! ओरखडा तिथेच राहतो, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणतात. एका कडक राउंडमध्ये दोन-चार मायक्रॉन सहज उडतात. आणि गेले ते गेले! कंपनीतून आलेला थर पुन्हा उगवत नाही. म्हणून मला विचाराल तर डिटेलिंगमधला, म्हणजे गाडी चमकवण्याच्या या कलेतला, खरा उस्ताद तोच, जो कमीत कमी घासतो.

उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल-गोल वलयं दिसतात, ते स्वर्ल मार्क. गंमत माहीत आहे का? ते गोल नसतातच! ओरखडे आडवे, उभे, तिरपे, कसेही पडलेले असतात. पण प्रकाशाला आडवे असतात तेवढेच चमकतात, त्यामुळे दिव्याभोवती वर्तुळं आखल्यासारखी वाटतात. टॉर्च हलवा, वर्तुळंही टॉर्चसोबत सरकतात. करून बघाच!

आणि पांढऱ्या गाडीवाल्यांनो, फार खूश होऊ नका. ओरखडे तुमच्याही गाडीवर तेवढेच आहेत. फक्त काळ्यावर चुगली लगेच होते.

मायक्रॉनचा हिशेब

घासायच्या आधी चांगला डिटेलर गाडीभर एक छोटं यंत्र टेकवत फिरतो. हे पेंट थिकनेस गेज. बॉनेट ११८, दरवाजा १२४, मागचा फेंडर एकदम ३१०? पकडलं! तिथे कधीतरी डेंटिंग-पेंटिंग झालंय. सेकंडहँड गाडी घेताना विकणाऱ्याचं गोड बोलणं ऐकण्यापेक्षा या यंत्राचं ऐकावं.

सचिनची लाल फेरारी आठवतेय? ३६० मोडेना! सर डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्यावर २००२ मध्ये मायकल शूमाखरच्या हस्ते मिळालेली. त्या गाडीला लोहचुंबक चिकटणार नाही, माहीत आहे का? तिची चॅसिस आणि बॉडी ॲल्युमिनियमची. त्यामुळे चुंबकावर चालणारं साधं गेज तिथे क्लीन बोल्ड! ॲल्युमिनियमसाठी एडी करंटवर चालणारं गेज लागतं.

कार्बन फायबरच्या हायपरकारवर तर एडी करंटचाही करंट जातो. मग अल्ट्रासाउंड! होय, सोनोग्राफीवालं तेच तत्त्व. ध्वनिलहरी सोडायच्या, परत येणारा प्रतिध्वनी मोजायचा, थराची जाडी काढायची.

आता ज्याने घासायचं, त्या कंपाउंडच्या बाटलीत काय असतं? बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिसूक्ष्म भुकटी. आणि हेच ॲल्युमिनियम ऑक्साइड निसर्गात स्फटिकरूपात सापडलं, त्यात किंचित क्रोमियम मिसळलेलं असलं, की त्याला आपण काय म्हणतो? माणिक! नीलमही त्याच कुळातला. म्हणजे फेरारीच्या अंगाला रत्नांच्या भावकीतलं उटणं लागतं.

मशीनचे दोन मुख्य अवतार. रोटरी एकाच अक्षावर गरगरते: जोरदार, झटपट आणि धोकादायक. एका जागी जरा रेंगाळली की रंग तापतो, आणि कडेवर थर पातळ असल्याने क्लिअर कोट जळून थेट आतला रंग दिसतो. दुसरी ड्युअल ॲक्शन. ही फिरता फिरता हेलकावेही घेते, त्यामुळे उष्णता कमी आणि चूक पोटात घालण्याची तयारी जास्त. कडांवर मास्किंग टेप लावून बसलेला डिटेलर दिसला, तर त्याला मनातल्या मनात एक सलाम ठोका.

खरी नजाकत बघायची असेल तर 'टेस्ट स्पॉट' बघा. बॉनेटचा दीड-दोन फुटांचा चौकोन टेपने आखून घेतला जातो. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅड टेकवून थेंब चौकोनभर पसरायचे, मग मशीन चालू. एक पट्टा आडवा, पुढचा त्यावर अर्धा चढवून, मग उभे पट्टे. हात इतका सावकाश सरकतो की बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो. मग पुसायचं, एलईडी लाइट तिरका धरायचा आणि बघायचं. सुरुवात नेहमी सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिशने. तेवढ्याने भागलं तर पुढे जायचंच नाही! पूर्ण गाडीला दोन-तीन दिवस लागतात ते उगाच नाही.

आणि इथे एक गुपित फोडतेच. काही पॉलिशमध्ये तेलं आणि फिलर असतात. ती ओरखड्यात जाऊन बसतात, गाडी शोरूममधून आत्ताच आल्यासारखी दिसते, आणि दोन-चार धुलाईत सगळे ओरखडे हजर! उपाय? पॉलिशनंतर पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच बघा. तेल गेलं की खरं-खोटं समोर. पैसे देण्याआधी हे मागायला अजिबात लाजू नका.

मॅट फिनिशची गाडी असेल तर मात्र मशीन लांबच ठेवा. मॅट रंगाला पॉलिश मारलं की तिथे चकचकीत डाग पडतो, आणि तो परत मॅट करता येत नाही. पॅनेल नव्याने रंगवावं लागतं. चमकवायला गेलो आणि रंगाचा बेरंग, तो असा!

जांभळं रक्त आणि चॉकलेटचं मेण

पांढऱ्या गाडीवर पारदर्शक द्रव फवारला आणि दोन मिनिटांत तिच्या अंगावरून जांभळे ओघळ वाहू लागले. हॉरर सिनेमा? नाही, आयर्न रिमूव्हर! ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण रंगात रुतून बसतात. त्यांच्याशी रासायनिक क्रिया झाली की जांभळा रंग येतो. यातलं कामाचं रसायन बहुधा थायोग्लायकोलेट असतं. तेच, जे पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या लोशनमध्ये वापरतात! वासही ओळखीचा: सडक्या अंड्यासारखा. रेल्वेरुळांजवळ गाडी लावणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा करून बघावाच.

एवढं करूनही हाताला खरखर लागली तर क्ले बार. मातीसारखा मऊ गोळा, भरपूर ल्युब्रिकंट आणि हलका हात. रंगाला चिकटलेली घाण तो अलगद उचलतो. फक्त गोळा जमिनीवर पडला तर? सरळ कचऱ्यात. एक वाळूचा कण बॉनेटभर रेघोट्या मारायला पुरेसा आहे.

मायक्रोफायबर कापडाचंही तसंच. त्याचा तंतू रेशमाहून बारीक असतो. पक्के डिटेलर नव्या कापडाचं लेबल आधी कापून टाकतात, माहीत आहे का? कारण त्या लेबलची टोकदार कडसुद्धा रंगावर ओरखडा काढू शकते!

आता तोंड गोड करू. गाडीला लावायचं भारी मेण म्हणजे कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून ते मिळतं. वितळतं ८२-८६ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या विदर्भातल्या मे महिन्यालाही ते दाद देत नाही. आणि हेच मेण रंगीत चॉकलेटगोळ्यांना चकाकी आणायलाही वापरतात. डेंटल फ्लॉसवरही तेच. गाडी चमकवा, गोळी चघळा, दात कोरा: एकाच पानाची कृपा!

मेग्वायर्स हे कार-पॉलिशचं नाव प्रत्येक कारप्रेमीला पाठ. पण १९०१ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानात फ्रँक मेग्वायर यांनी सुरुवात केली ती फर्निचर पॉलिशपासून. गाड्या नंतर आल्या, टेबल-खुर्च्या आधी चमकल्या.

टर्टल वॅक्समध्ये कासव असतं का? नाही हो! आधी त्याचं नाव प्लास्टोन होतं. ते बनवणारे बेंजामिन हिर्श अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या टर्टल क्रीक नावाच्या ओढ्यापाशी थांबले आणि नवं नाव सापडलं. गाडी वेगवान, मेण मात्र कासवछाप.

अळूचं पान आणि नाकी 'नऊ'

सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीवर पाणी मोत्यांसारखं घरंगळतं. ही आयडिया कुणाची? निसर्गाची! जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पानं तपासली, तेव्हा कळलं की कमळाच्या पानावर सूक्ष्म उंचवटे आणि त्यावर मेण असतं. थेंब टेकतो तो फक्त टोकांवर, आणि घरंगळताना धूळही सोबत नेतो. आपलं अळूचं पानही याच पंथाचं. म्हणजे ज्याच्या आपण वड्या करतो, त्या पानाकडे सुपरकारच्या कोटिंगचं तंत्र आधीपासून होतं!

कोटिंगच्या डब्यावर '९एच' लिहिलेलं असतं ना? विक्रेते सांगतात, हिऱ्याच्या खालोखाल कडक. थांबा! हिऱ्याचा कडकपणा मोजायची मोह्स पट्टी वेगळी. हे ९एच म्हणजे पेन्सिल. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ओढून थर ओरखडतो का ते बघायचं, एवढीच ती चाचणी. थर एक-दोन मायक्रॉनचा, तो उडणारा दगड काय अडवणार? कोटिंगमुळे धुलाई सोपी होते, घाण कमी चिकटते, चमक टिकते. त्यासाठी जरूर करा. दगडासाठी नको, नाहीतर नाकी नऊ येतील.

आणि टेफ्लॉन कोटिंग? सर्व्हिस सेंटरचा लाडका शब्द! तव्यावर टेफ्लॉन पक्कं बसवायला भट्टी लागते, कारण ते वितळतंच ३२७ अंशांना. तुमची गाडी त्या भट्टीत घातली तर बंपरसकट सगळं ओघळेल. तव्यावरचं टेफ्लॉन आणि गाडीवरचं 'टेफ्लॉन' यांचं नातं नावापुरतंच.

दगडाला उत्तर आहे पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. जन्म कुठे झाला माहीत आहे का? व्हिएतनाम युद्धाच्या काळात! उडत्या वाळूने हेलिकॉप्टरची पाती खराब होऊ नयेत म्हणून युरेथेनची फिल्म लावली गेली, तिचीच ही पणती. जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या अख्ख्या रंगापेक्षा जास्त! चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे ऊन लागलं की आपोआप मिटतात.

हा जादूचा खेळ थेट क्लिअर कोटमध्येही झालाय. निस्सानने २००५ मध्ये 'स्क्रॅच शील्ड' नावाचा स्वतःच भरून येणारा क्लिअर कोट आणला होता.

रंगेल किस्से

फोर्ड मॉडेल टी फक्त काळीच मिळायची? अर्धसत्य! १९१४ ते १९२५ काळी. त्याआधी मात्र हिरवी, लाल, निळी, राखाडीही मिळत होती.

पूर्वी गाडी रंगवून वाळायला आठवडे लागत. ड्युपाँटचं ड्युको लॅकर आलं आणि काम तासांवर आलं. १९२४ च्या ओकलंड गाड्या ड्युकोच्या निळाईत न्हाऊन निघाल्या, आणि रंगीत गाड्यांचा जमाना सुरू झाला.

डेट्रॉइटच्या कारखान्यांत रंगाचे फवारे उडून रॅकवर थरांवर थर साचत आणि भट्टीत भाजून दगडासारखे कडक होत. ते कापून, पॉलिश करून लोक आज अंगठ्या आणि पेंडंट बनवतात. नाव 'फोर्डाइट'. जुन्या मस्टँगचा रंग बोटात घालून मिरवा!

रोल्स-रॉइसने २०१७ मध्ये जिनिव्हाला 'घोस्ट एलिगन्स' दाखवली. तिच्या रंगात १,००० खऱ्या हिऱ्यांचा चुरा! त्याच कंपनीत गाडीच्या अंगावरची लांबलचक कोचलाइन अजून हाताने काढतात. ब्रशमध्ये केस कुणाचे? खारीचे! रोल्स-रॉइसच्या दिमाखात खारीचा वाटा आहे, अक्षरशः.

लेक्ससच्या 'स्ट्रक्चरल ब्लू'मध्ये निळं रंगद्रव्यच नाही. मॉर्फो फुलपाखराच्या पंखांसारखी सूक्ष्म रचना प्रकाशातून फक्त निळा परत पाठवते. संशोधनाला लागली १५ वर्षं!

याच्या उलट टोकाला बीएमडब्ल्यू एक्स६. २०१९ च्या फ्रँकफर्ट मोटर शोमध्ये ती व्हँटाब्लॅक कोटिंगमध्ये आली. प्रकाश परत फिरतो तो जेमतेम एक टक्का. डोळ्यांना गाडीचे उंचसखल आकार कळेनासे होतात. आणि २०२३ मध्ये त्याच कंपनीच्या 'आय व्हिजन डी'ने ई-इंक लावून ३२ रंग बदलून दाखवले. सरड्याने हातच टेकले!

रंगाला वजन असतं, हे विसरू नका. १९३४ मध्ये नुर्बुर्गरिंगला मर्सिडीजची पांढरी रेसकार ७५० किलोच्या मर्यादेपेक्षा एक किलो जास्त भरली आणि रातोरात रंग खरवडून चंदेरी पत्रा उघडा केला, असं टीमचे मॅनेजर आल्फ्रेड नॉयबाउअर सांगत. यातूनच 'सिल्व्हर ॲरोज' नाव पडल्याचं म्हणतात. इतिहासकार अजून यावर भांडतात. पण २०२३ मध्ये मर्सिडीजच्या एफ-वन गाडीने वजन वाचवायला रंग कमी केला आणि उघड्या कार्बनसह काळी झाली, हे पक्कं.

नासानेही हेच केलं. स्पेस शटलची मोठी टाकी पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी होती. मग रंग बंद, सुमारे २७० किलो वाचले, आणि नारिंगी टाकी जगप्रसिद्ध झाली.

धुळीची किंमत

आता सगळ्यात भन्नाट. फ्रान्सच्या पश्चिमेला एका शेडमध्ये जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली एक फेरारी सापडली: २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, एकेकाळी अभिनेते ॲलन दलाँ यांची. २०१५ मध्ये पॅरिसला लिलाव झाला. आधी तिला चकाचक केलं का? मुळीच नाही! धुळीसकट मांडली आणि गेली १.६३ कोटी युरोंना! तिथे जमलेल्या झळाळत्या गाड्यांना धुळीनेच धूळ चारली.

दुबईत मात्र असं चालणार नाही. रस्त्यावर मळकी गाडी सोडून गेलात, तर ५०० दिऱ्हॅम दंड.

ब्रिटनमध्ये गाड्यांचं सामान विकणाऱ्या हॅलफर्ड्सने २०१२ मध्ये गाड्यांवरची पक्ष्यांची विष्ठा मोजली. लाल गाड्या पहिल्या, हिरव्या शेवटच्या! लाल सुपरकारवाल्यांनो, झाड बघून पार्क करा. आणि विष्ठेने रंग जातो तो फक्त ॲसिडमुळे, असं समजू नका. कार-पॉलिश बनवणाऱ्या ऑटोग्लिमने दाखवलं की उन्हात क्लिअर कोट मऊ होऊन फुलतो आणि संध्याकाळी गार होताना वाळलेल्या विष्ठेच्या खडबडीत आकारावरच घट्ट बसतो. तो ठसा कायमचा. म्हणून दिसली की लगेच ओल्या कापडाने भिजवून उचला.

तुमच्या पार्किंगमधली गोष्ट

आपल्या गाडीचा सगळ्यात मोठा शत्रू कोण, सांगू? दगड नाही, कावळा नाही, ऊनही नाही. सकाळी सहा वाजता मारलेला कोरडा फडका! सोसायटीत एक बादली, एक फडका, दहा गाड्या. तिसऱ्या गाडीपर्यंत फडक्यात जमलेली वाळू चौथीच्या बॉनेटवर फिरते. रोज. वर्षभर. यात पुसणाऱ्याचा दोष नाही. त्याला साहित्य आपणच देत नाही.

दुसरा गुप्तशत्रू: आरओचं वाया जाणारं पाणी. पाणी वाचवायची भावना सोन्यासारखी, पण त्या पाण्यात नळाच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. वाळलं की पांढरे ठिपके, आणि उन्हात ते क्लिअर कोटवर कोरले जातात. वापरा जरूर, टायर आणि चाकांच्या आतल्या भागाला. बॉनेटला लागलंच तर वाळू देऊ नका.

दसऱ्याला गाडीची पूजा करताना झेंडूचा हार मोठ्या हौसेने घाला, पण हार बॉनेटवर घासत ठेवून गावभर फिरू नका. ओलं हळद-कुंकू वाळल्यावर खरवडू नका, आधी भरपूर पाणी ओता.

तर उद्या सकाळी एवढं कराच. गाडी पुसणाऱ्या दादांना दोन बादल्या द्या, एक शॅम्पूची, एक फडका खळबळायची. दोन मायक्रोफायबर कापडं आणि चार पैसे जास्त द्या, आणि सांगा: आधी पाणी, मग हात. गाडी तीस लाखांची असो की तीन लाखांची, दोघींच्याही अंगावर क्लिअर कोट तेवढाच आहे, आणि तो एकदाच मिळतो.